काट्यावरून उतरलं ते

१

काटेबाईला तिच्या नावानं हाक मारणारी एकच व्यक्ती उरली होती, तिची थोरली बहीण. तीही हाक मारायची ती ‘धाकटे’ म्हणून. बाकी सगळ्यांना ती काटेबाई. वजनकाटे तपासायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे, हा तिच्या बापाचा धंदा. बाप गेला तेव्हा त्याची वजनांची पेटी तिच्याकडे आली आणि पेटीच्या पाठोपाठ नावही आलं.

लोकांना वाटतं काटा आपल्याकडे बघतो आणि वजन सांगतो. काटा आंधळा असतो. वरच्या प्लेटखाली चार कोपऱ्यांत लोखंडाचे चार तुकडे असतात, लोडसेल म्हणतात त्यांना. भार आला की ते वाकतात, इतके थोडे की माणसाच्या डोळ्याला दिसू नये. त्यांच्या अंगाला केसाहून बारीक तार चिकटवलेली असते. लोखंड वाकलं की तार ताणली जाते, तार ताणली की तिच्यातली वीज जराशी अडते, आणि वरचा डबा त्या अडण्याचा आकडा करून दाखवतो. म्हणजे काटा मोजतो तो वाक. आता वाक मोजायचा तर न वाकलेलं काय, हे आधी कुणीतरी त्याला सांगायला हवं. ते सांगायचं बटण म्हणजे शून्य. बटण दाबलं की काटा मुकाट मान्य करतो: या घडीला माझ्यावर जे काही आहे, ते नाहीच.

म्हणून बापाची एक शिस्त होती. शून्य दाबायच्या आधी प्लेटवरून सबंध तळहात फिरवायचा. “दिसत नाही म्हणजे नाही, असं डोळे म्हणतात,” तो सांगायचा. “हाताला विचार.” त्याच्या मनात धूळ, ओल, चिकटलेला कागद, असलंच काही असणार. काटेबाई आयुष्यभर हात फिरवत आली. एकदा सोडून.

ते घडलं डायलिसिस केंद्रात. मूत्रपिंडं थकली की अंगातलं पाणी अंगातच राहतं, ते यंत्रानं काढावं लागतं. किती काढायचं, ते काटा सांगतो. प्रत्येक पेशंटचं एक कोरडं वजन डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. आजचं वजन त्याहून जेवढं जास्त, तेवढं पाणी काढायचं. कमी काढलं तर फुप्फुसात पाणी चढतं, जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस बोलता बोलता जातो. काटेबाईला हे पाठ होतं, कारण थोरली बहीण तिथलीच पेशंट. आई गेल्यावर जिनं धाकटीला हाताखाली घेऊन वाढवलं, ती ताई आता चाकांच्या खुर्चीतून एक दिवसाआड तिथं यायची. त्या काट्याला काटेबाई इतर काट्यांहून जरा जास्तच जपायची.

वजनाची खोली चिंचोळी, बिनखिडकीची. भिंती फिक्या हिरव्या. खुर्ची चढवता यावी म्हणून प्लेट जमिनीलगत, एका बाजूला उतार, धरायला प्लेटलाच जोडलेला स्टीलचा दांडा. सकाळी पेशंट यायच्या आधी काटेबाईनं प्लेट उचलली, खालचा कचरा काढला, पाय घट्ट केले, प्लेट परत बसवली, पुसून लख्ख केली. डबा सुरू केला, तर आकडा आला तीन किलो दोनशे. प्लेट हलवली की असं काहीबाही उरतंच. त्यात नवल नव्हतं.

“काटेबाई, आवरा हो,” सिस्टर दारातून म्हणाली. “खाली लिफ्टपाशी रांग लागलीय. तुमचा काटा नटूनथटून होईपर्यंत माझे पेशंट म्हातारे होतील.”

“झालंच.”

हात ग्रीसनं बरबटलेले. पुसलेल्या प्लेटवर ते कोण फिरवणार? प्लेट तर आरशासारखी चकचकत होती, वर काही नव्हतं. तिनं कोपरानं बटण दाबलं. शून्य झालं. मग हात धुऊन पेटीतली वजनं एकेक करून ठेवली. प्रत्येक आकडा बरोबर आला. तिनं तपासल्याचा स्टिकर चिकटवला, त्यावर सही केली आणि ती पुढच्या कामाला गेली.

२

दुपारी ती एका गोदामात ट्रकच्या काट्याखाली उताणी पडलेली असताना फोन वाजला.

“काटेबाई, तुमचा काटा उपाशी पडलाय,” सिस्टर म्हणाली.

“नीट सांगा.”

“वर कुणी नाही आणि वजा दाखवतोय. वजा तीन किलो दोनशे.”

काटेबाईनं आकडा परत एकदा म्हणवून घेतला.

ती पोचली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. डब्यावर तो आकडा शांतपणे उभा होता, पुढे वजाची आडवी रेघ. सिस्टरनं सांगितलं की सकाळची सगळी वजनं व्यवस्थित आली, कुणाचंच काही खटकलं नाही. मग ती जेवायला गेली. खोली नुसती लोटलेली होती. आली तर हे.

गणित पहिलीतल्या पोराचं होतं. काट्यावर पिशवी असताना शून्य दाबलं आणि नंतर पिशवी उचलली, तर काटा पिशवीएवढं वजा दाखवतो. पण पिशवी उचलायला ती आधी ठेवलेली असावी लागते. काटेबाईनं स्वतःला बजावलं: जोड सैल असेल. सकाळी सैल होता म्हणून जादा दाखवलं, दुपारी आपोआप घट्ट बसला म्हणून तेवढंच कमी झालं. होतं असं. तिनं जोड तपासले. घट्ट होते. तारा पाहिल्या. कोरड्या होत्या.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि सकाळी राहिलेलं काम केलं. तळहात प्लेटवर टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. काही नव्हतं. पोलाद गार होतं. फक्त दांड्याच्या बाजूला, बशीएवढ्या जागेत, ते कोमट लागलं. मांजर उठून गेल्यावर उशी लागते तसं.

“इथं कुणी चहा ठेवला होता?”

“खाली जमिनीवर? वजन करायला?” सिस्टर हसली. “बाई, तीन किलो दोनशे म्हणजे चांगलं गुटगुटीत बाळ की हो. बाळंतिणींच्या वॉर्डात असते तर म्हटलं असतं, छान आहे, न्या घरी.”

काटेबाईनं नव्यानं शून्य केलं, वजनं ठेवून पाहिली. सगळं बरोबर. पेटी बंद करताना तिची नजर कोपऱ्यात गेली. ताईची खुर्ची तिथं उभी होती. ताईचा त्या दिवशी दुपारचा नंबर होता. तिचं वजन जेवणाआधीच झालं होतं, ती आत यंत्राला लावलेली होती, आणि रिकामी खुर्ची नेहमीसारखी इथं ठेवलेली होती. काट्यापासून हातभर अंतरावर.

३

संध्याकाळी घराच्या उंबऱ्याशी खुर्ची अडली. तिथं काटेबाईनं स्वतः बनवलेला लाकडी उतार होता, आणि त्यावरून ताईला ढकलून न्यायला किती जोर लागतो ते तिच्या मनगटांना ठाऊक होतं. डायलिसिस करून येताना तर ताई हलकी असायची. आज मनगटं थांबली.

“ताई, तू काही घेतलंस का बरोबर?”

“काय घेऊ? यंत्र घेऊन आले असते, पण त्याची वायर पुरेना.”

“जड लागतंय.”

“मग म्हण ना सरळ, म्हातारी जड झाली. काट्यावर चढवून विकून टाक, भंगाराचा भाव तरी येईल.”

काटेबाई हसली, पण खुर्ची आत घेतल्यावर तिनं पाठीमागचा कप्पा चाचपला. चष्म्याचं घर, रुमाल, गोळ्यांची पुडी. तिनं ताईला पलंगावर बसवलं आणि रिकामी खुर्ची एका हातानं ढकलून पाहिली. वजनं उचलण्यात ज्याची हयात जाते त्याच्या हाताला थापा मारता येत नाहीत.

दोघी दोन खोल्यांत राहायच्या. पुढच्या खोलीत ताईचा पलंग आणि मागच्या खोलीत काटेबाईचं सामान, दुरुस्तीला आलेले काटे, तिची खाट. रात्रीच्या जेवणाआधी ती आतून भांडी आणत होती तेव्हा खुर्चीचं कातडी आसन करकरलं. बसलेलं माणूस या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर होतं, तेव्हा करकरतं तसं. ताई पलंगावर होती.

“केंद्रातनं निघाल्यापासनं चाललंय तिचं,” ताई म्हणाली. “कातडं आहे. उन्हातनं आलं की बोलतं.”

“हो,” काटेबाई म्हणाली. कातडं बोलतं हे खरंच होतं. गरम झालेली वस्तू गार होताना आवाज करते, हे तिला ताईपेक्षा चांगलं माहीत होतं. मात्र गार व्हायला किती वेळ लागतो, तेही माहीत होतं.

४

पुढच्या फेरीला ताईचं वजन नेहमीच्या वाढीहून साडेतीन किलोनं जास्त भरलं. खुर्चीचं वजन पक्कं लिहून ठेवलेलं असायचं, तेवढं वजा करून सिस्टरनं आकडा डॉक्टरांना सांगितला.

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, “विहीर प्यायलात का?”

“घोटभर चहा आणि गोळ्यांपुरतं पाणी. विचारा हिला. ही माझ्यावर सावकारासारखी पहारा करते.”

“पाय बघा,” काटेबाई म्हणाली. “सूज नाही.”

सिस्टरनं नडगीवर अंगठा दाबला. पाणी साठलं असतं तर खड्डा पडला असता. पडला नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, क्षणभर घुटमळले. माणूस वाईट नव्हता. कामाच्या रगाड्यात होता, आणि समोर आकडा होता.

“काटा बिघडला असेल का?” सिस्टरनं विचारलं.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. “परवा तपासलाय. सही कुणाची आहे?”

सही काटेबाईची होती. काय सांगणार होती? काटा बरोबर आहे, हे तिलाच ठाऊक होतं. आत्ताच, ताईच्या आधी, तिनं पेटीतलं वजन ठेवून पाहिलं होतं.

डॉक्टरांनी सांभाळून, निम्मंच जादा पाणी काढायला लावलं. तास झाला असेल नसेल, ताई जांभई देता देता वाक्य अर्धं सोडून गप्प झाली. ओठ कागदासारखे झाले. सिस्टरनं पलंगाचं डोकं खाली केलं, पाय वर केले, यंत्र थांबवलं, सलाईनची बाटली मोकळी सोडली. डॉक्टर धावत आले. बऱ्याच वेळानं ताईनं डोळे उघडले आणि तिनं पहिलं काय पाहिलं असेल, तर धाकटीचा चेहरा.

“अशी काय बघतेस,” ती पुटपुटली. “अजून आहे मी. मोजून बघ.”

डायलिसिस अर्धवट राहिलं. डॉक्टरांनी काटेबाईला बाहेर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. आज नव्हतं तेवढं पाणी आपण काढायला गेलो. असं परत झालं तर हृदय सोसणार नाही. आणि रक्तातली घाण तशीच राहिली आहे, पुढची फेरी चुकवता यायची नाही. “मला खरा आकडा द्या,” ते म्हणाले. “मी अंदाजावर माणसं जगवत नाही.”

५

केंद्र रिकामं झाल्यावर, ताई आत पलंगावर झोपलेली असताना, काटेबाईनं नुसती खुर्ची काट्यावर चढवली. खुर्चीच्या पक्क्या वजनाहून ती तीन किलो सहाशेनं जास्त भरली.

एका परीनं तिला बरं वाटलं. चूक ताईत नव्हती, काट्यात नव्हती, खुर्चीत होती, आणि खुर्ची उघडता येते. तिनं पाने काढले. आसन काढलं, उशी काढली, उशीचे टाके उसवून आत हात घातला. पाठ, हात, पायठेव्या, मोठी चाकं, छोटी चाकं. एकेक भाग काट्यावर ठेवून सिस्टर आकडा वाचत गेली आणि काटेबाई मनात बेरीज करत गेली. बेरीज खुर्चीच्या पक्क्या वजनाएवढी आली, ग्रॅमला ग्रॅम.

“म्हणजे काही नव्हतंच,” सिस्टर म्हणाली.

“जोडू परत.”

जोडली. काट्यावर चढवली. आकडा खुर्चीएवढाच आला. दोघी बघत राहिल्या. सिस्टर काहीतरी बोलायला वळली आणि तेवढ्यात आसन करकरलं. आकडा हलला. वर गेला, खाली आला, थरथरला, आणि तीन किलो सहाशे जास्तीवर ठरला.

ट्यूबलाईट गुणगुणत होती.

“दोन दिवसांपूर्वी तीन दोनशे होतं ना?” सिस्टर म्हणाली. “बाळसं धरलंय.” मग तिनं दाराच्या बाहेर जाऊन तिथूनच विचारलं, “खुर्ची टाकून देऊ या का?”

काटेबाई विचार करत होती. वस्तू तुकड्यांत बरोबर भरते आणि जोडली की जास्त, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं तरी काम अडत नाही. बापाचंच म्हणणं होतं, की दोष काढता आला नाही तर दोष मोजावा. खुर्चीचं जे काय आहे ते दर वेळी नव्यानं मोजलं आणि वजा केलं, की ताईचा आकडा खरा उरतो. खुर्ची टाकली तर मात्र ते कुठं जाईल, हे कुणाला सांगता येणार होतं?

“राहू दे,” ती म्हणाली. “आधी रिकामी खुर्ची मोजायची, मग ताईसकट. कागदावरचं वजन वापरायचं नाही.”

डॉक्टरांना ते पटलं. खुर्चीचं वजन बदलतं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. चाकात चिखल भरतो, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

६

पुढच्या फेरीला काटेबाई खुर्ची ढकलत आली तेव्हा ताई मलूल होती. अर्धवट राहिलेल्या डायलिसिसनं चेहरा मातकट झाला होता, तोंडाला चव नव्हती, श्वास जरा वरवर चालला होता. आता हिच्या अंगात खरंच पाणी होतं, हे कुणालाही दिसलं असतं. किती, ते दिसत नव्हतं.

सिस्टरनं आणि काटेबाईनं ताईला उचलून बाकावर बसवलं. रिकामी खुर्ची काट्यावर चढवली.

बरोबर भरली. ग्रॅमला ग्रॅम.

काटेबाईनं वाट पाहिली. आकडा हलला नाही. तिनं आसनावर थाप मारली, खुर्ची हलवली, उतरवून परत चढवली. खुर्ची फक्त खुर्ची होती.

“गेलं!” सिस्टरनं हात जोडले. “सुटलो बाई.”

काटेबाईनं बाकाकडे पाहिलं. ताई भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं हळूहळू, तिच्या नकळत, थोपटल्यासारखी हलत होती.

“ताई, हाताला काय होतंय?”

“कुठं काय?” ताईनं हाताकडे पाहिलं आणि हात थांबला. “मांडी भरून आलीय सकाळपासनं. रक्त पोचत नसेल.”

तिला खुर्चीत बसवून मोजलं. मग दांडा धरायला लावून, क्षणभर उभी करून मोजलं. दोन्ही आकडे जुळले. कोरड्या वजनाहून बरोबर सात किलो जास्त. त्यातलं पाणी किती आणि दुसरं किती, हे सांगणारा काटा जगात नव्हता. परवा तीन सहाशे होतं, आज किती झालं असेल? चार? साडेचार? अर्ध्या किलोचा अंदाज चुकला तरी, इकडे किंवा तिकडे, ताई जाणार होती.

डॉक्टर दारात आले. “आकडा?”

“थोडा वेळ द्या.”

“वेळ नाहीये, बाई. श्वास बघा त्यांचा.”

“दार लावून घ्या,” काटेबाई म्हणाली. “हाक मारली की या.”

७

खोलीत दोघीच राहिल्या. ट्यूबलाईट गुणगुणत होती.

काटेबाईनं ताईची खुर्ची उतारावरून खाली घेतली आणि काट्याला खेटून, पण काट्याबाहेर उभी केली. मग बूट काढले आणि ती स्वतः प्लेटवर चढली. डब्यावर तिचं वजन आलं. तिनं हात लांब करून शून्य दाबलं. काट्यानं मुकाट मान्य केलं, की प्लेटवर उभी असलेली बाई नाहीच.

जे करू नये म्हणून बाप सांगत आला, ते तिनं समजून उमजून केलं होतं.

“काय करतेस ग?” ताईनं विचारलं.

“काही नाही. जवळ ये म्हणतेय.”

“मी? खुर्चीतनं?”

काटेबाई प्लेटवरून पाय न हलवता वाकली आणि तिनं ताईच्या मांडीपुढे दोन्ही हात पसरले, ताईला न शिवता. स्वतःला ती वेडपट वाटत होती. तिच्या डोक्याचा एक भाग अजूनही जोड, तारा आणि ओल यांचाच विचार करत होता. नजर मात्र तिनं डब्यावर ठेवली. खाली बघायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

“ये,” ती म्हणाली.

शून्य.

ताईचा श्वास घरघरला. बाहेर कुणीतरी बादली सरकवली.

“ये ग,” ती परत म्हणाली. पुरुष म्हणावं की बाई, हेही तिला माहीत नव्हतं. आपोआप तोंडात आलं ते आलं.

शून्याच्या जागी चारशे ग्रॅम आले. ते तिथंच राहिले. कुणी पाण्यात पाऊल बुडवून बघावं तसे. मग नऊशे. तिच्या डाव्या मनगटापाशी कामाच्या कोटाची बाही आत दबली. आकडा पुढे गेला, मागे आला. परत पुढे गेला. एक सातशे. दोन तीनशे, आणि इथं तो बराच वेळ थांबला, निम्मं इकडे आणि निम्मं तिकडे. ताईच्या मांडीवरच्या कापडाला पडलेली एक चुणी हळूच उलगडली आणि सपाट झाली.

मग आकडा भराभर चढला, आणि चार किलो तीनशेवर ठरला.

मानेला कोमट वारा लागला. थांबला. परत लागला.

काटेबाई सरळ झाली. तिनं चार तीनशे हा आकडा एकदा वाचला, मनात ठेवला, पुरावा म्हणून नव्हे, असाच. मग ती काट्यावरून खाली उतरली, बूट घातले, रिकाम्या प्लेटवर हात फिरवून शून्य केलं, आणि ताईला खुर्चीसकट वर चढवलं.

“डॉक्टर,” तिनं हाक मारली. “आता घ्या आकडा.”

८

ताईच्या अंगात दोन किलो सातशे पाणी होतं. तेवढंच काढलं. यंत्र संथपणे चालत राहिलं, रक्तदाब जागेवर राहिला, दुपार होईतो श्वास मोकळा झाला आणि चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर येऊन बघून गेले आणि काही विचारायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांना दुसरीकडून हाक आली.

काटेबाई पलंगाशी बसली नाही. जरा दूर, भिंतीपाशी उभी राहिली. सिस्टरनं स्टूल आणून दिलं तर नको म्हणाली. सिस्टर तिच्याजवळ आली, दोन पावलांवर थांबली, आणि कारण नसताना ट्रे उचलून परत गेली.

“पाय हलके झाले,” ताई म्हणाली. “मांडी पण.”

“बरं झालं.”

“भूक लागलीय. कित्येक दिवसांनी.”

“घरी जाऊन जेव. तुला न्यायला रिक्षा सांगते. सिस्टर बसवून देतील.”

“आणि तू?”

“मला कामं आहेत.”

ताई तिच्याकडे बघत होती. लहानपणापासून जिला न्हाऊमाखू घातलं, जिचं डोकं विंचरलं, तिच्या अंगावरची खूण नि खूण तिला पाठ होती. धाकटी आज एका अंगाला कलून उभी होती, डावी कंबर जरा बाहेर काढून. आणि तिच्या निळ्या कोटाच्या गळ्यापाशी कापड ओढलं गेलं होतं. तिथं चार बारीक चुण्या पडल्या होत्या, शेजारी शेजारी, आणि खाली एक आखूड.

ताई बघत असतानाच त्या चुण्या सुटल्या आणि बोटभर वर जाऊन परत पडल्या.

“काय ग?” काटेबाईनं विचारलं.

मग ती म्हणाली, “बटण लाव वरचं. गळ्याला काचतंय.”

काटेबाईनं खाली न बघता बटण लावलं. पेटी उजव्या हातात घेतली. दाराशी गेली, बाहेर पडली, आणि ते जड दार लगेच सोडून दिलं नाही. तळहातानं धरून हळूहळू, अगदी मिटेपर्यंत, आणून टेकवलं. चिमुकली बोटं फटीत सापडू नयेत म्हणून बायका टेकवतात तसं.